चाचांनी संपला म्हटलेला गॅस

चाचा, आज तुमच्या हातची गाठ सोडली. कात्रीनं कापली नाही, नखांनी उकलली. गाठ कापलेली तुम्हाला खपायची नाही, दोरा वाया जातो म्हणून ओरडायचात, जणू दोरा तुमच्या खिशातून जात होता. दोरा आमच्या दुकानातला असायचा. लातुरात ऊन तापायला लागलं की माझ्या एसीच्या दुकानापुढं गाड्यांची रांग लागते, आणि आज सकाळी त्या रांगेत जुन्या बांधणीची एक पांढरी गाडी होती. बॉनेट उघडून गॅस भरायच्या तोंडाशी वाकले, तर पाईपाला सुती दोऱ्याचे वेढे आणि शेवटी ती उलटी गाठ, जी मी तुमच्याशिवाय कुणाच्या हातची पाहिलेली नाही. रंग मात्र पार उडालेला. पांढरा होता की निळा, काही कळेना. मी बॉनेटला धरून तशीच उभी राहिले. गाडी घेऊन आलेल्या माणसानं विचारलं, "काय झालं ताई, लई बिघडलंय का?" मी म्हणाले, "न्हाई, बघून राहिले." तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, उर्दू यायचं. म्हणजे तुम्ही असतात तरी हे दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि हे दुसऱ्यानं वाचावं असं नाही. तुम्ही माझ्याशी एकदा खोटं बोललात, चाचा. एकदाच. तुमचा माझ्यावर भरवसा नव्हता का, एवढंच मला विचारायचं होतं, आणि ते विचारायच्या आत तुम्ही गेलात. आज त्या गाडीनं उत्तर आणलं.

नांदेडला तुमचं दुकान आणि माझ्या वडिलांचं कुशनचं दुकान यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत होती. अलीकडं आम्ही गाड्यांची सीट कव्हरं शिवायचो, पलीकडं तुम्ही गाड्यांचे एसी करायचात. पत्र्यातून सगळं ऐकू यायचं, तुमचा खोकला, तुमचा रेडिओ, आणि पाना हातातून निसटला की तुम्ही पान्याला घातलेल्या शिव्या. माझं लग्नाचं वय उलटून चाललं होतं आणि घरात त्याच विषयावर सगळे गप्प असायचे. एक दिवस तुम्ही पत्र्यावर थाप मारलीत, "भाई, तुमच्या पोरीला जरा धाडा. हात बारीक हाय तिचा, माझा आत जाईना." कुणाच्या तरी गाडीच्या डॅशबोर्डमागं कूलिंग कॉइलपाशी एक रबरी रिंग बसवायची होती. डॅशबोर्ड उतरवायचा तर अख्खा दिवस गेला असता. वडील घुटमळले, कारण बाजारपेठ होती आणि लोक बोलणार होते. पण शेजारी म्हणून नाही कसं म्हणायचं? मी आत हात घातला, काही दिसत नव्हतं, नुसतं बोटांना कळत होतं, आणि रिंग बसली. तुम्ही नुसतं "हौ" म्हणालात. दुसऱ्या दिवशी परत थाप. लोक बोलले, थोडे दिवस बोलले, मग कंटाळले. रमजानात तुम्ही पाईपात तोंडानं फुंकर मारायचा नाहीत, घशात काही जाईल म्हणून, ते काम माझ्याकडं यायचं. दुपारी चाची आतून भाकरी आणि अंबाड्याची भाजी पाठवायच्या, ती मात्र माझ्या एकटीसाठी, आणि तुम्ही त्या ताटाकडं न बघता बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचात. मला तेव्हा तुमच्यासमोर जेवायची लाज वाटायची. तुम्ही म्हणायचात, "खा बेटी, माझा रोजा हाय, तुझा न्हाई."

तो पितळी दिवा आठवतो का? गळती शोधायचा. निळी ज्योत आणि खाली लोंबणारी रबरी नळी. नळीचं तोंड एकेका जोडावरून हळूहळू फिरवायचं, आणि कुठं एसीतला जुना गॅस, नवा यायच्या आधी सगळ्या गाड्यांत असायचा तो, निसटत असला की ज्योत हिरवी व्हायची. मला तो हिरवा रंग फार आवडायचा. त्या धुरानं घसा चरचरायचा, तुमची छाती त्यानंच गेली असं मला अजून वाटतं, पण तेव्हा कुणाला ठाऊक होतं! मग ती जीप आली. मालक म्हणाला, गॅस मागच्या उन्हाळ्यातच भरलाय, पण कूलिंग कमी पडतंय. कुठल्या गॅरेजात भरला ते त्यानं सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. तुम्ही दिवा पेटवून जोडापाशी नेलात आणि हिरव्याऐवजी भपकन पिवळा जाळ उठला. कुणीतरी स्वस्तात पडतं म्हणून त्या गाडीत पेट घेणारा गॅस भरला होता, घरच्या शेगडीतल्यासारखाच. थंडावा चांगला देतो तो, नाही असं नाही. तुमच्या भुवया गेल्या आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी शिलाई मशीनवरचं फडकं ओलं करून धावले तेव्हा तुम्ही हात झाडत उभे होतात आणि मलाच रागावत होतात, "मागं हो! मागं हो म्हणलं ना!"

हाताला पट्टी बांधलेली असतानाच तुम्ही आमच्या दुकानात आलात आणि वडिलांना म्हणालात, "भाई, दोरा द्या. पांढरा, निळा, लाल." वडिलांनी नायलॉनचा काढला, कुशनला तोच लागतो. तुम्ही मान हलवलीत, पाईप तापला की नायलॉन वितळतो, सुतीच हवा. त्या दिवसापासून तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीत गॅसच्या तोंडाशी दोरा असायचा, जुन्या गॅसला पांढरा, नव्याला निळा, सिलिंडरांचे रंग तेच होते म्हणून. आणि पेट घेणारा गॅस कुणी भरून आणला असेल तर तो काढेपर्यंत लाल. काट्यावरच्या दाबावरून जुना आणि नवा काही वेगळा ओळखू येत नाही आणि तोंडंही तेव्हा सगळे जुनीच ठेवायचे, मग कळणार कसं? तुम्ही गॅरेजा-गॅरेजातून जाऊन हे सांगितलंत. काही जण हसले, म्हणाले चाचा आता गाड्यांना गंडे बांधून राहिला. तुम्ही चिडला नाहीत. "आपल्यानंतर जो हात घालील त्याला कळलं पाह्यजे आत काय हाय," एवढंच म्हणायचात. हळूहळू हसणारेही माझ्या वडिलांकडून सुती दोरा न्यायला लागले. लोहा गावाकडून आलेल्या गाडीतही एकदा मला निळा दोरा दिसला होता, गाठ मात्र साधी होती.

नव्या गॅसवरून तुम्ही मला एकदाच झापलं. एक गाडी जुन्या गॅसची होती, थोडीच कमी झालेली, आणि जुना गॅस तोवर मिळेनासा होत चालला होता. माणूस घाईत होता, बायकोला माहेरी सोडायचं होतं त्याला. मी म्हणाले, वरून थोडा नवा टाकू या की, काय होतंय. तुम्ही पाना खाली ठेवलात आणि त्या माणसासमोरच मला म्हणालात, "तुझ्या कुशनच्या कपड्याला अर्ध्यात दुसरा कपडा जोडतीस का? मग हितं का?" मग आवाज उतरवून सगळं सांगितलंत. नव्या गॅसबरोबर जुनं तेल फिरत नाही, ते मधेच कुठंतरी साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. जुन्या रबरी पाईपांतून नवा गॅस पाझरतो. आत काय आणि किती मिसळलं हे पुढच्याला कळत नाही. बदलायचं तर सगळं बदलायचं, रिंगा, पाईप, आतली ओल शोषणारा ड्रायर, तेल, मग आतली हवा ओढून घ्यायची आणि मगच नवा भरायचा. त्या माणसाला तुम्ही तसंच परत पाठवलंत आणि तो तणतणत गेला. मीही दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. पण आजही कुणी म्हणालं की ताई वरून थोडा टाका, तर माझा पाना आपोआप खाली ठेवला जातो.

मग जुना गॅस बाजारातून गेलाच, आभाळातल्या ओझोनला खातो म्हणून सरकारनं तो बंद केला. तुमच्याकडं शेवटचं एक पांढरं सिलिंडर राहिलं होतं, कोपऱ्यात गोणपाटाखाली. मोठ्या मोठ्या गाड्यांची माणसं येऊन मागायची आणि तुम्ही त्यांना वाटेला लावायचात. माझं लग्न लातूरला ठरलं. नवऱ्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि त्याला मी एसीचं काम करण्यात वावगं वाटत नव्हतं. निघायच्या दिवशी मी तुमच्याकडं आले आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं, काहीतरी मागितलं. म्हणाले, "चाचा, ते सिलिंडर मला द्या. तुमची निशाणी म्हणून." तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "संपला बेटी." चाचा, त्याच सकाळी झाडताना मीच ते सिलिंडर सरकवलं होतं. आतलं खळखळलेलं माझ्या कानांनी ऐकलं होतं. सिलिंडर हलवून किती उरलं ते ओळखायला मला तुम्हीच शिकवलं होतं ना? तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलंत, नव्या गॅसचा दाब मोजायची नवी कोरी गेज, दोन काट्यांची. मी ती घेतली, पाया पडले, आणि लातूरपर्यंत बसमध्ये मांडीवर ठेवून बसले. उघडून पाहिली नाही. सिलिंडर द्यायचं नाही म्हणून समजूत काढायला दिलेली वस्तू, असंच मी तिला समजत होते.

किती तऱ्हेनं विचार केला मी! बाईमाणूस म्हणून दिलं नसेल. संसारात पडली की काम सोडून देईल असं वाटलं असेल. कुणी बडं गिऱ्हाईक त्यासाठी थांबलं असेल. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी नांदेडला आले, चाचींपाशी बसले, त्यांचा हात हातात घेऊन रडले. आणि उठताना माझी नजर दुकानातल्या त्या कोपऱ्याकडं गेली. गोणपाट होतं, सिलिंडर नव्हतं. म्हणजे दिलं कुणाला तरी, मला नाही. मेलेल्या माणसावरचा राग काढायचा कुणावर? घरी कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, एका रिकाम्या होत आलेल्या सिलिंडरसाठी कुणी इतकी वर्षं रुसतं का म्हणून. मी रुसले होते, चाचा. तुमचीच गेज वापरत, तुमचाच दोरा बांधत रुसले होते.

तर आजची गाडी. मागच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ मानेवर टॉवेल टाकून बसले होते, डोळे मिटून. ते देवणीचे जनावरांचे डॉक्टर, कधीचे निवृत्त झालेले. गाडी आणणारा त्यांचा मुलगा. डॉक्टरांचं मूत्रपिंड काम देत नाही, रक्त शुद्ध करून घ्यायला त्यांना देवणीहून लातूरला सारखं यावं लागतं, आणि या उन्हात परत जाताना त्यांचा जीव कासावीस होतो. दुसऱ्या गाडीत बसत नाहीत. "काहीही करा ताई, पण थंड करून द्या," मुलगा म्हणाला. शेजारच्या गॅरेजवाल्यानं त्याला सुचवलं होतं, पेटणारा गॅस टाकून देतो, घंट्याभराचं काम. मुलगा त्याला हो म्हणायच्याच बेतात होता, पण डॉक्टर तयार होईनात. मी आधी गॅस ओळखायचं यंत्र लावलं. आता यंत्र आहे माझ्याकडं, दिव्याची गरज नाही. यंत्रानं दाखवलं, जुना गॅस, भेसळ काही नाही. निम्म्याच्या वर उडून गेलेला, पण उरलेला अगदी स्वच्छ. इतक्या वर्षांनी! मी मुलाला विचारलं, हे कुठं भरून घेतलं होतं? तेवढ्यात मागून आवाज आला, "तू कुशनवाली का?"

मला लातुरात कुणी कुशनवाली म्हणत नाही. मी दारापाशी गेले. डॉक्टर म्हणाले, "नांदेडच्या चाचाची तू. तुझ्याकडंच यायचं होतं मला, पोरगं ऐकत नव्हतं." त्यांना बोलताना दम लागत होता, मधे मधे थांबत त्यांनी सांगितलं. माझं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात ते तुमच्याकडं आले होते. गावोगाव लसीची पेटी न्यायची, तर गाडी थंड हवी होती. तुम्ही कोपऱ्यातून पांढरं सिलिंडर काढलंत, कानाशी धरून हलवलंत आणि होता तेवढा त्यांच्या गाडीत भरलात. वर त्यांना बजावलंत, "साहेब, थंडावा जाईल तवा लातूरला जावा. आमची बेटी हाय तिथं. दुसऱ्या कुणाला खोलू देऊ नका. तिला म्हणा, आखरीचा जुना गॅस चाचानं तुझ्यासाठी ठेवलाय, तो तूच काढ आन् नवा भर." डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं म्हणे, मग सिलिंडर तिलाच का नाही दिलं? "तर म्हणाला, दिलं असतं तर ती जुन्या गाड्या धरून बसली असती साहेब. जुनं तर आता चाललं. तिला नव्याचा हात बसू द्या. तिनं मागितला तवा मला न्हाई म्हणवंना, म्हणून संपला म्हणलो. तोंड वर करून बघितलं असतं तर देऊन बसलो असतो." मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मग आधी का नाही आलात?" ते हसले, म्हणाले, "अगं, गाडी थंडच राह्यली की! त्यानं मला थंडावा जाईल तवा जा म्हणलं होतं. तो जाईना, मी काय करू?"

चाचा, तुमचं काम इतकं पक्कं होतं की तुमचा निरोप यायला इतकी वर्षं लागली. मी दुकानाच्या आत गेले, पंख्याखाली उभी राहिले आणि तोंडावर पदर घेऊन रडले. नवरा पार्ट शोधत होता, तो बाहेर रांगेकडं गेला. रडताना आधी रागच आला तुमचा. एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? मग कळलं की सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. मला ते सिलिंडरच हवं होतं.

पण गाडी थंड व्हायला हवी होती आणि जुना गॅस आता कुठं मिळत नाही. म्हणजे तुमचा काढायचा आणि नवा भरायचा, दुसरा रस्ताच नव्हता. खरं सांगते, वाल्व्हला हात लाववेना. तुमच्या हातचं जगात चालू असलेलं तेवढंच एक उरलं होतं, आणि ते मी बंद करायला निघाले होते. मी दोरा उकलून कनवटीला ठेवला. मुलगा डॉक्टरांना रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेला आणि मी कामाला लागले. हवेत काही सोडलं नाही, सगळा गॅस यंत्रानं ओढून छोट्या सिलिंडरमध्ये घेतला. जुनं तेल काढलं, ते काळं पडलं नव्हतं. पाईप, रिंगा, ड्रायर बदलले, नव्या गॅसचं तेल घातलं, समोर जादा पंखा बसवला, कारण उष्णता बाहेर टाकणाऱ्या जुन्या जाळीला नवा गॅस जड जातो. डॅशबोर्डमागं हात घातला, तो आता पूर्वीसारखा बारीक राहिलेला नाही, मनगट सोललं. हवा ओढून घेतली, काटा खाली स्थिर राहतो का ते बघत बसले, आणि मग तुम्ही दिलेल्या गेजवरून नवा गॅस भरला. तोंडंही नव्या मापाची बसवली आणि कोणता गॅस भरलाय ते कोरलेली पत्र्याची पट्टी लावली. दोऱ्याचा रंग उडतो, चाचा. एवढी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नाही. तरी निळा दोरा बांधलाच, उलट्या गाठीचा.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांना मागं बसवलं, काचा लावल्या, एसी चालू केला. थोड्या वेळानं त्यांनी मानेवरचा टॉवेल काढला आणि वाऱ्यापुढं तळहात धरला. मुलाला म्हणाले, "चल आता, देवणीपर्यंत झोपतो." मी गाडी वळणापर्यंत जाताना बघितली.

तो काढलेला गॅस ठेवायचा नसतो. असा गॅस नीट नष्ट करणारे लोक आहेत, त्यांची गाडी मधून मधून येते आणि मी आजवर सगळा त्यांना दिलेला आहे, कधी चुकवलं नाही. नव्याचा हात बसू द्या असं तुम्ही म्हणाला होतात, तो बसला, लोक लांबून येतात माझ्याकडं. हाही गॅस त्यांना द्यायला हवा आणि देईन. पण आज त्यांची गाडी येऊन गेली, दुकान बंद करायच्या जरा आधी. त्यांनी विचारलं, काही आहे का ताई? मी म्हणाले, "संपला." आणि मान वर केली नाही. आता हे लिहीत असताना तुमचा तो रंग उडालेला दोरा त्या सिलिंडरच्या गळ्यात बांधलाय, आणि मधूनच मी ते उचलते, कानाशी धरते आणि हलवून बघते. अजून खळखळतंय.